कृष्णा हिरवी होते तेव्हा

उन्हाळ्यात सांगलीच्या घाटावर पाणी हिरवं दिसलं की लोक म्हणतात, शेवाळ आलं. दगडाला चिकटलेलं बुळबुळीत शेवाळ वेगळं, पात्र झाकून टाकणारी जलपर्णी वेगळी आणि पाण्यालाच रंग देणारे वनस्पती प्लवक वेगळे. वनस्पती प्लवक म्हणजे पाण्यासोबत वाहणारे, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे सूक्ष्म जीव. ते फक्त समुद्रात असतात हाही गैरसमजच. कोयनेच्या शिवसागरात, धोमच्या जलाशयात, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावात, सगळीकडे ते आहेत. पाणी नितळ दिसलं तरी असतात, फक्त विरळ.

पावसाळ्यात पाणी सर्वांत घाण, म्हणून प्लवकही तेव्हाच जास्त, असं अनेकांना वाटतं. घडतं बहुधा उलटं. गढूळ पाण्यात उजेड खोल जात नाही आणि पुराचा लोंढा प्लवकांना वाढायला उसंत देत नाही. एका पेशीच्या दोन व्हायला अनुकूल काळातही साधारण एखादा दिवस लागतो. तेवढ्यात पाणी कुठल्या कुठे गेलेलं असतं. पावसाळा सरला, कोल्हापुरी बंधाऱ्यांना पाणी अडवणारे बरगे बसले की चित्र पालटतं. वाहती कृष्णा म्हैसाळपर्यंत डोहांची माळ होते. थंडीत साधारणपणे डायटम हे प्लवक जोर धरतात. त्यांचं कवच सिलिकाचं असतं आणि सह्याद्रीचा काळा पाषाण झिजताना नदीला सिलिका मिळतच असते. ऊन तापलं, पाणी साचलं, की नीलहरित प्लवकांचं फावतं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांसाठी कोयनेतून आवर्तन सुटलं की ही दाटी पुन्हा विस्कटते.

त्यामुळे ‘नदी हिरवी झाली’ हे विधान अपुरं आहे. कुठे आणि कधी, हे सांगायलाच हवं. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयना येते, हरिपूरला वारणा. दोन प्रवाह लगेच एकजीव होत नाहीत, त्यामुळे दोन काठांचं पाणी निराळं असू शकतं. मायक्रोसिस्टिस या नीलहरित जिवाच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पिशव्या असतात. वारा पडला की तो वर तरंगतो, वारा सुटला की एका काठाला साचतो. काचेच्या बरणीत असं पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा: मायक्रोसिस्टिसचे हिरवे कण वर साय धरतात, डायटम बहुतेक तळाला तपकिरी थर करतात. पक्कं निदान मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच होतं.

‘हिरवं पाणी म्हणजे कारखान्याचं पाणी’ हे समीकरणही तपासून घ्यावं. मळीमिश्रित पाणी काळपट-तपकिरी असतं. त्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवताना जिवाणू ऑक्सिजन संपवतात आणि मासे तडफडतात. हिरवेपणामागे मुख्यतः नत्र आणि स्फुरद असतं: गावोगावचं सांडपाणी, उसाच्या रानातून निथळणारं खत. यात कारखान्यांना सूट देण्याचा हेतू नाही. दोन्ही संकटं एकाच डोहात भेटू शकतात. दाट प्लवक दिवसा ऑक्सिजन देतात, पण रात्री तोच वापरतात. म्हणून मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात. फक्त दुपारी मोजलेला ऑक्सिजन पाहून ‘पाणी चांगलं’ म्हणणं मला घातक वाटतं.

सर्वांत धोकादायक गैरसमज म्हणजे ‘उकळलं की काम भागलं’. उकळल्याने रोगजंतू मरतात. पण मायक्रोसिस्टिसच्या पेशींत असू शकणारं मायक्रोसिस्टिन हे यकृताला इजा करणारं विष टिकून राहतं, उलट त्या पेशी फुटून ते पाण्यात जास्त उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर या त्याच्या एका प्रकाराची मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम ठेवली आहे, यावरून त्याची ताकद कळावी. सगळंच हिरवं पाणी विषारी नसतं, पण डोळ्यांनी फरक कळत नाही. काठाला हिरवी साय दिसली तर तिथे जनावरं पाण्यावर नेऊ नयेत, मुलांना पोहू देऊ नये आणि पाणीपुरवठा विभागाला कळवताना ठिकाण, काठ, वेळ आणि बंधाऱ्याचे बरगे बसलेले आहेत की काढलेले, एवढं तरी नोंदवावं.