गिरणीचा भोंगा

आमच्या सोलापुरांत गिरणीचा भोंगा हेंच पुष्कळ घरांचें घड्याळ होतें. आमच्या मातोश्री पहिल्या भोंग्यास बंब पेटवीत, पुढच्यास तांदूळ वैरीत. ‘जुनी मिल’ १९४९ च्या ऑगस्टांत बंद पडली, तेव्हां सरकारनें जानेवारी १९५० मध्यें वटहुकूम काढून तिचा कारभार हातीं घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. तरीहि ती अखेर टिकली नाहीं, आणि मागाहून इतर मोठ्या गिरण्यांचेहि भोंगे थांबले.

त्यानंतर कांहीं दिवस मातोश्री तांदूळ धुऊन बसत व ‘भोंगा वाजला का ग?’ असें सुनेस विचारीत. आम्हांस हंसूं येई. मग त्या भिंतीवरचें घड्याळ पाहूं लागल्या, एवढेंच.

त्याच दिवसांत आम्ही वर्गांत नञ्तत्पुरुष शिकवीत होतों. ‘अनित्य’ हें उदाहरण फळ्यावर लिहून संसारांतील सर्वच वस्तु कशा अनित्य आहेत, तें आम्हीं मोठ्या समाधानानें सांगितलें. परीक्षेची फी न भरल्यामुळें एक विद्यार्थी दाराबाहेर उभा होता. त्याचे वडील गिरणींत मागावर होते. त्यानें फळ्याकडे पाहिलें, मग आमच्याकडे. आमचें घड्याळ गेलें होतें. त्याच्या घरची भाकरी गेली होती. तास संपल्यावर आम्हीं त्याची फी भरली. पुढल्या वर्षापासून त्या समासास आम्ही ‘अयोग्य’ हें उदाहरण देऊं लागलों.