पन्नासाव्या नंबरापर्यंतची रोजी

नाशिकमध्ये गोल्फ क्लब मैदान आहे. तिथे क्रिकेट होते, रणजीचे सामने झाले आहेत, पहाटे माणसे चालायला येतात. गोल्फ मात्र कोणी खेळत नाही. आपल्या बहुतेक घरांची गोल्फशी ओळख एवढीच, नाहीतर सिनेमात एखादा शेठ पांढरे बूट घालून चेंडू टोलवतो आणि मागे एक गरीब पोरगा बॅग घेऊन चालतो, तेवढी. हा लेख त्या बॅगवाल्या पोराबद्दल आहे. कारण हिंदुस्थानात गोल्फवर पोट भरणाऱ्यांत शेठ कमी आणि बॅगवाले पुष्कळ आहेत, आणि त्यात आपल्या नावांची माणसेही थोडीथोडकी नाहीत.

व्यावसायिक गोल्फची एक उतरंड आहे. सगळ्यात वर अमेरिकेतली पीजीए टूर, मग युरोपची डीपी वर्ल्ड टूर, मग एशियन टूर आणि अशाच काही मालिका. त्याखाली देशोदेशीच्या मालिका येतात. आपल्याकडची आहे प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, म्हणजे पीजीटीआय. 2006 मध्ये खेळाडूंनी ती उभी केली. 2024 पासून कपिल देव तिचे अध्यक्ष आहेत. तिच्याही खाली आता नेक्सजेन नावाची धाकटी मालिका आहे. मुलींसाठी वेगळी महिला टूर आहे, तिथली बक्षिसे याहून लहान. वरच्या मजल्यावरचा विजेता एका आठवड्यात जे कमावतो, ते इथल्या माणसाला अनेक वर्षांत मिळत नाही. तरी दर मोसमात शे-सव्वाशे जण बॅग भरून निघतात.

खेळ थोडक्यात असा. मैदानावर अठरा खड्डे, त्यांना होल म्हणतात. प्रत्येक होलसाठी ठरावीक फटके म्हणजे पार. एक कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. जो कमीत कमी फटक्यांत संपवेल तो पुढे. एक फेरी संपवायला साडेचार-पाच तास लागतात आणि आठ-दहा किलोमीटर चालणे होते. मोठ्या स्पर्धेत अशा चार फेऱ्या, चार दिवस.

आता पैशाकडे वळू, कारण सारा मामला तिथेच आहे. नोकरदाराला महिन्याची पहिली तारीख असते, टॅक्सीवाल्याला संध्याकाळचा गल्ला असतो. क्रिकेटपटूला सामना हरला तरी मानधन मिळते. गोल्फरला काहीच नाही. स्पर्धेची फी त्याने भरायची, तिकीट त्याने काढायचे, हॉटेल त्याचे, जेवण त्याचे, चेंडू त्याचे. या दर्जाच्या एकेका चेंडूला चारशे-पाचशे रुपये पडतात आणि पाण्यात गेला की गेला. बॅग उचलणाऱ्या कॅडीला रोजची मजुरी आणि बक्षिसातला हिस्सा द्यायचा. एवढे सगळे करून पहिल्या दोन फेऱ्यांनंतर यादीवर एक रेघ मारली जाते. तिला ‘कट’ म्हणतात. साधारण पहिले पन्नास आणि पन्नासाव्याच्या बरोबरीचे सगळे रेघेच्या वर राहतात. उरलेले सत्तर-पंचाहत्तर जण त्याच संध्याकाळी सामान बांधतात. त्यांना एक रुपयाही मिळत नाही.

पीजीटीआयच्या बऱ्याच स्पर्धांचे एकूण बक्षीस अलीकडे 1 कोटी रुपये असते. आकडा ऐकून घरचे खूश होतात. त्यातले 15 लाख विजेत्याला जातात, पुढे उतरता क्रम, आणि तळाशी पोचेपर्यंत रक्कम हजारांत आलेली असते. म्हणजे कट पार करूनही त्या आठवड्याचा खर्च निघेलच असे नाही. चाळिसावा आलेला माणूस देशातल्या चांगल्या गोल्फरांपैकी एक असतो, आणि तरीही घरी फोन करून तो एवढेच सांगू शकतो की या वेळी फार तोटा झाला नाही.

कटचा हिशेब एका फटक्यावर येतो. दुसऱ्या दिवशी अठराव्या होलवर चार फुटांवरून चेंडू आत गेला तर दोन दिवस आणखी खेळ, नाहीतर रात्रीची गाडी. चार फूट म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्यापासून फ्रिजपर्यंतचे अंतर. असा फटका मारताना समोर खड्डा दिसत असेल की मुलाची फी, हे ज्याचे त्याला माहीत.

मोसम फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतो, उन्हाळ्यात थांबतो आणि पावसाळ्यानंतर पुन्हा भरात येऊन डिसेंबरात संपतो. कोलकात्यात रॉयल कलकत्ता आणि टॉलीगंज, मग चंदीगड, अहमदाबाद, बंगळूर, जयपूर, कोइमतूर. पुण्यात येरवड्याच्या पूना क्लब मैदानावरही स्पर्धा झाल्या आहेत. रॉयल कलकत्ता 1829 चा, ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब. तिथली हिरवळ राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया पुढे दोनदा, 2016 आणि 2017 मध्ये, इंडियन ओपन जिंकला.

सगळ्यात दूरचा मुक्काम दिग्बोई. आसामातले हे तेलाचे गाव. 1901 पासून तिथे रिफायनरी आहे आणि तिच्याजवळ गोल्फचे मैदान. दिल्लीहून रेल्वेने निघालात तर तिनसुकियाला पोचायला दीड-दोन दिवस, मग पुढे रस्ता. विमान परवडत नाही त्याने हा प्रवास करून, न थकल्यासारखे उतरून, दुसऱ्या सकाळी सराव करायचा. आणि दोन दिवसांत कटखाली गेला तर तोच दीड-दोन दिवसांचा प्रवास परत.

यातल्या बऱ्याच स्पर्धा मंगळवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतात. शनिवार-रविवार क्लबच्या सभासदांचे. मैदान त्यांचे, त्यांच्या सुट्टीत व्यावसायिकांना जागा नाही. आपल्या वाचकांच्या लक्षात येईल, शेवटची फेरी शुक्रवारी म्हणजे जुमाची वेळ नेमकी खेळ ऐन रंगात असताना. शेवटच्या दिवशी जो आघाडीवर असतो त्याला सर्वांत उशिरा सोडतात, म्हणून जिंकण्याच्या बेतात असलेला माणूस दुपारी मैदानावरच असतो. गेली काही वर्षे रमजानही मोसमाच्या पहिल्या टप्प्यातच येतो. मुसाफिराला रोजा पुढे ढकलायची मुभा आहे. कोण काय करतो हा ज्याचा त्याचा मामला. एवढे मात्र खरे की मार्चच्या उन्हात दहा किलोमीटर चालून चार फुटांवर हात स्थिर ठेवायचा असतो.

आता ही माणसे येतात कुठून? बरीचशी मैदानाच्या मागच्या दारातून. दिल्ली गोल्फ क्लब झाकीर हुसेन मार्गावर आहे. त्याच्या आवारात लाल बंगल्याचे मकबरे आहेत, सय्यद आबिदचा आणि मीर तकीचा मकबरा आहे. जुन्या दिल्लीतले बडे लोक तिथे झोपले आहेत आणि त्यांच्या आसपास नव्या दिल्लीतले बडे लोक चेंडू टोलवतात. या क्लबात अली शेर नावाचा मुलगा कॅडी होता. दुसऱ्याची बॅग उचलायची, कोणत्या झाडापासून किती यार्ड हे सांगायचे, आणि साहेब नसताना जुन्या काठीने दोन फटके मारायचे. 1991 मध्ये इंडियन ओपनमध्ये परदेशी नावाजलेले खेळाडू आले होते. जिंकला अली शेर. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला हिंदुस्थानी व्यावसायिक. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला, आणि कोणी नशीब म्हणू नये म्हणून की काय, 1993 मध्ये त्याने पुन्हा तीच स्पर्धा जिंकली.

अली शेरनंतर त्या वाटेने बरेच आले. दिल्लीच्या शमीम खानने या मालिकेत अनेक स्पर्धा जिंकल्या. कोलकात्याच्या फिरोज अलीचे नाव जुने गोल्फवाले आजही काढतात. मध्य प्रदेशातल्या महूच्या लष्करी मैदानावरून मुकेश कुमार आला. देशातल्या देशात त्याने शंभराहून जास्त स्पर्धा जिंकल्या. एवढे जिंकूनही एशियन टूरवरचे पहिले विजेतेपद त्याला 2016 मध्ये मिळाले, तेव्हा तो 51 वर्षांचा होता. आपल्याकडे 51 व्या वर्षी लोक मुलाच्या लग्नाच्या गोष्टी करतात. त्याच महूतला ओम प्रकाश चौहान 2023 मध्ये पीजीटीआयच्या वर्षभराच्या कमाईच्या यादीत पहिला आला. या यादीला ऑर्डर ऑफ मेरिट म्हणतात. त्या वर्षापासून पहिल्या नंबराला युरोपच्या टूरचा दरवाजा उघडला, आणि तो चौहानसाठी उघडला. पुढच्या वर्षी वीर अहलावतसाठी.

सगळ्यात सांगण्यासारखी गोष्ट मला सिद्दीकुर रहमानची वाटते. बांगलादेशातल्या मदारीपूरचा हा मुलगा ढाक्याच्या कुर्मीटोला मैदानावर चेंडू गोळा करत असे. शेजारच्या देशात खेळायला यायचे तर व्हिसा, भाडे, अनोळखी गावे. तो येऊन पीजीटीआयवर खेळला, जिंकला, आणि 2010 मध्ये ब्रुनेई ओपन जिंकून एशियन टूरवर विजय मिळवणारा पहिला बांगलादेशी ठरला. 2013 मध्ये त्याने दिल्लीत इंडियन ओपन जिंकली, म्हणजे अली शेरच्या क्लबात. 2016 च्या रिओ ऑलिंपिकला बांगलादेशातून स्वतःच्या क्रमवारीवर थेट पात्र ठरलेला तो पहिला खेळाडू. उद्घाटनाला देशाचा झेंडा त्याच्याच हातात होता. चेंडू गोळा करणाऱ्या मुलाच्या हातात.

2014 मध्ये दिल्लीतच एशियन टूरच्या सेल-एसबीआय ओपनमध्ये सिद्दीकुरची गाठ रशीद खानशी पडली. बरोबरी झाली, जादा होल खेळला गेला आणि रशीद जिंकला. रशीद दिल्लीचा. 2010 च्या आशियाई खेळांत हिंदुस्थानच्या संघाने रौप्यपदक मिळवले, त्यात तो होता. 2014 मध्येच त्याने थायलंडातली चियांगमाई क्लासिकही जिंकली. आता बसले घर, असे कोणालाही वाटावे. पण गोल्फमध्ये घर बसत नाही. दोन मोसम हात बिघडला की वरच्या टूरचे कार्ड जाते आणि माणूस पुन्हा देशी मालिकेत. रशीद परत आला, खेळत राहिला, आणि 2019 मध्ये ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये पहिला आला. त्या डिसेंबरात जमशेदपूरला टूर चॅम्पियनशिप जिंकला पुण्याचा उदयन माने, जो पुढे टोकियो ऑलिंपिकला गेला. वर्षाचा पहिला नंबर मात्र रशीदकडे राहिला.

आणि तीन महिन्यांत मार्च 2020 उजाडला. टूर बंद. नोव्हेंबरपर्यंत एकही स्पर्धा नाही. पहिल्या नंबराची बचत असेल. ज्याची सगळी कमाई आठवड्याच्या कटवर होती त्याचे काय, आणि त्याच्या कॅडीचे काय? त्या काळात आपल्या मोहल्ल्यांत रिक्षावाले आणि बेकरीतली मुले ज्या हालातून गेली त्याहून हे वेगळे नव्हते, फक्त यांचे कपडे स्वच्छ होते आणि टीशर्टवर कंपनीचे नाव होते, म्हणून कोणाला कळले नाही.

मग ही माणसे निभावतात कशी? काही जण सकाळी शिकवण्या घेतात, काही सभासदांबरोबर खेळून त्यांचा खेळ सुधारून देतात, काहींना एखादी कंपनी किंवा जुना ओळखीचा साहेब मोसमाचा खर्च देतो. एका खोलीत तिघे-चौघे राहतात. धाकटा भाऊ किंवा दोस्त कॅडी होतो, म्हणजे पैसे घरातच राहतात. कॅडीतून वर आलेल्याची एक अडचण आणखी आहे. सराव करायचा तर मैदान लागते आणि मैदान क्लबचे असते; तो सभासद नसतो. गेटवर त्याला ओळखतात, पण कधी आणि किती वेळ आत घ्यायचे हे दुसरे ठरवतात. त्याचा हुनर त्याचा आहे, हुनर दाखवायची जमीन त्याची नाही. मला विचाराल तर बक्षिसाच्या रकमेपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. सरकारी, सर्वांना खुली मैदाने फार थोडी आहेत आणि जी आहेत त्यांच्यावर कोणाची नजर नाही.

वर्ष संपताना दुसरी एक रेघ येते. ऑर्डर ऑफ मेरिटमध्ये साधारण पहिले साठ जण पुढच्या मोसमाचे कार्ड राखतात. एकसष्टावा, बासष्टावा आणि त्यांच्यामागचे सगळे पुन्हा क्वालिफाइंग स्कूलच्या रांगेत. ही परीक्षा मोसमाच्या तोंडावर होते, कधी अहमदाबादला, कधी कोलकात्याला. पंधरा वर्षे खेळलेला माणूस आणि काल व्यावसायिक झालेला अठरा वर्षांचा मुलगा एकाच टीवरून चेंडू मारतात, दोघांची फी सारखीच. डिसेंबरात जमशेदपूरच्या बेलडीह आणि गोलमुरी मैदानांवर शेवटची स्पर्धा चालू असते तेव्हा यादीच्या खालच्या टोकाचे लोक तिथे नसतात. ते आपापल्या मैदानाच्या कडेला, सभासद निघून गेल्यावर, उरलेल्या उजेडात चार फुटांचे फटके मारत असतात.