बाळाचा लंगोट : घरचा की विकतचा?

घरात नात जन्मली. आजीला आनंद झाला. पण चार दिवसांत वाद सुरू झाला.

आजी म्हणाली, "आमची समदी पोरं लंगोटावरच वाढली. ते विकतचं डायपर कशाला?"

सून म्हणाली, "आत्याबाई, दिवसाला दहा-बारा लंगोट धुवायचे. आड आटलाय. टँकर दोन दिवसांनी येतो. पाणी कुठनं आणू?"

दोघींचेही खरे आहे. म्हणून दोन्ही बाजू नीट पाहू.

घरचा लंगोट जुन्या सुती लुगड्याचा किंवा धोतराचा करतात. जुने कापड मऊ असते. ते ओल चटकन टिपते. एका लुगड्यात दीड-दोन डझन लंगोट निघतात. पैसा लागत नाही.

आणखी एक फायदा आहे. लंगोट ओला झाला की लगेच कळतो. पाच दिवसांच्या बाळाला आईचे दूध पुरत असेल, तर ते दिवसरात्र मिळून सहा वेळा तरी लघवी करते. म्हणून ओले लंगोट मोजावेत. सहापेक्षा कमी भरले तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना लगेच सांगावे.

आता विकतचा डायपर पाहू. बाहेरून प्लास्टिक असते. आत लाकडाचा लगदा आणि बारीक पांढरे दाणे असतात. हे दाणे लघवी शोषून फुगतात. म्हणून वरून कोरडे वाटते. रात्री बाळ आणि आई दोघांना झोप मिळते. एस.टी.च्या प्रवासात सोय होते.

पण हिशोब करून पाहा. एक डायपर 10 रुपयांना पडला आणि दिवसाला 5 लागले, तर 50 रुपये झाले. महिन्याचे झाले 1,500 रुपये! मग पैसे वाचवायला एकच डायपर दिवसभर ठेवतात. त्याने बाळाच्या अंगाला लाल चट्टे उठतात. डायपर तीन-चार तासांनी बदलावा. शी झाली तर तेव्हाच बदलावा.

वापरलेला डायपर टाकायचा कुठे? त्यातले प्लास्टिक कुजत नाही. उकिरड्यात टाकला तर खताबरोबर शेतात जातो. संडासात टाकला तर संडास तुंबतो. जाळला तर विषारी धूर होतो. असा कचरा वेगळा गुंडाळून कचरागाडीत द्यावा, असे सरकारने 2016 सालच्या नियमांत सांगितले. गावात गाडी येत नसेल, तर ग्रामपंचायतीला विचारा. सोय करायला लावा.

लहान बाळाची शी निर्मळ असते, असे पुष्कळ जण समजतात. ते चूक आहे. तिच्यातही रोगजंतू असतात. लंगोट असो की डायपर, शी आधी संडासात टाकावी. लंगोट आडाजवळ किंवा ओढ्यात धुऊ नये. साबण पुरता निघेल असे खळबळावे. कडक उन्हात वाळवावे. मग स्वतःचे हात साबणाने धुवावेत.

त्या घरात शेवटी काय ठरले? दिवसा लंगोट. रात्री आणि गावाला जाताना डायपर. बाळाच्या अंघोळीचे पाणी साठवायचे आणि लंगोटांचा पहिला हात त्यात काढायचा. ते पाणी संडासात ओतायचे.

राहिले धुण्याचे कष्ट. आजीने मुलाला हाक मारली. म्हणाली, "पोर दोघांचं, मग धुणं एकटीचं का रं? टँकर आला की दोन घागरी तू आण. लंगोट वाळत तू घाल."

मुलगा हसला. पण दुसऱ्या दिवशी दोरीवर लंगोट त्यानेच घातले.