गुंदच्या रानात कोणते जाकीट टिकते?

गुंदचा फोन अवेळी आला की माझ्या काळजात धस्स होते. दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात असाच पहाटे दादाचा फोन आला. "पोरगा बरा आहे, आधी ते ऐक," असे म्हणूनच त्याने सुरुवात केली. त्यामुळे तर मी जास्तच घाबरले. सगळे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "तू दिलेल्या त्या जाकिटावर विसंबला गं तो." दादाच्या बोलण्यात राग नव्हता, पण ते वाक्य माझ्या मनातून काही केल्या जाईना.

गुंद हे आमचे माहेर. जोयडा तालुक्यात, दांडेलीहून उळवीकडे जाताना लागणारे. भोवती काळी नदीच्या खोऱ्यातले दाट रान. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली येथे व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ पासून तो काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखला जातो. दादाची पोफळीची बाग आहे. भाचा बाग सांभाळून हिवाळ्यात पाहुण्यांना सिंथेरीचे खडक आणि आसपासच्या वाटा दाखवतो. रान आणि वाट हेच त्याचे रोजचे काम, म्हणून मे महिन्यात मी त्याला बेळगावहून एक जाकीट घेऊन पाठवले. चकचकीत, हलके, आतून लोकरीसारखे मऊ. चिठ्ठीवर 'सॉफ्टशेल' आणि '१०,००० मि.मी.' असे छापले होते. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, पावसाचं पाणी आत येणारच नाही." मला त्यातले काही कळत नव्हते. आकडा मोठा, तेव्हा माल चांगला, एवढेच मला कळले!

त्या जुलैच्या संध्याकाळी भाचा दांडेलीहून मोटारसायकलने घरी निघाला. रेनकोट घरीच राहिला होता. जाकीट आहे की, असे म्हणून तो तसाच निघाला. वाटेत झाड पडून रस्ता बंद झालेला. गाडी तिथेच लावून तो पावसात चालत निघाला. अर्ध्या तासात खांद्यांच्या शिवणीतून पाणी आत शिरले, आतला मऊ थर भिजून जड झाला आणि त्याखालचा सुती बनियन अंगाला चिकटला. त्यात वारा. मध्यरात्री घरी पोचला तेव्हा जीभ अडखळत होती, हाताला चेन उघडता येत नव्हती.

दादाने आणि वहिनीने मात्र डोके शांत ठेवले. ओले कपडे उतरवले, अंग कोरडे केले, घोंगडीत गुंडाळून उबेला बसवले आणि तो नीट गिळू लागल्यावर गरम, गोड चहा थोडा थोडा पाजला. बोलणे अडखळणे, बोटे न ऐकणे ही शरीराची उष्णता घटल्याची लक्षणे असतात. अशा वेळी जोरजोरात चोळू नये आणि 'ऊब येईल' म्हणून दारू तर मुळीच देऊ नये. दारूने कातडीकडे रक्त धावते आणि आतली उष्णता आणखी निघून जाते. माणूस गुंगीत जाऊ लागला किंवा असंबद्ध बोलू लागला तर थेट दवाखाना गाठावा. बर्फाच्या डोंगरावरच असे होते असे नाही. भिजलेले अंग, वारा आणि थकवा एकत्र आले की आपल्याकडेही होते.

चूक जाकिटाची की माझी?

मी ती चिठ्ठी जपून ठेवली होती. ती घेऊन ओळखीच्या शिंप्याकडे गेले, दोन-तीन दुकाने पालथी घातली, डोंगरभटकंती करणाऱ्या शेजाऱ्यांना विचारले. तेव्हा उलगडा झाला की १०,००० मि.मी. हा आकडा कापडाचा असतो, जाकिटाचा नव्हे. कापडावर दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दिला तरी ते झिरपत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण शिवताना सुईने कापडाला शेकडो भोके पडतात. खऱ्या पावसाळी जाकिटात त्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असते. सॉफ्टशेलमध्ये ती बहुधा नसते. जाकीट आतून उलटे करून पाहिले असते तर दुकानातच कळले असते!

मग सॉफ्टशेल म्हणजे काय? जुन्या काळी डोंगरावर जाणारे लोक लोकर आणि घट्ट विणीचे सुती गॅबर्डीन वापरत. १९२४ साली एव्हरेस्टवर गेलेल्या मॅलरीच्या अंगावरही गॅबर्डीनच होते. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी पाणी अडवून वाफ बाहेर सोडणारा पातळ पडदा शोधून काढला आणि पक्की पावसाळी जाकिटे आली. ती पाणी अडवतात, पण कडक असतात, कुरकुरतात आणि चढावर आत घाम साचतो. दुसरीकडे फ्लीस ऊबदार असते, पण वारा आरपार जातो. सॉफ्टशेल या दोहोंच्या मधले. बाहेरून घट्ट विणीचे, ताणले जाणारे कापड, आतून हलकी ऊब आणि वरून पाणी घसरून जाण्यासाठी लावलेला लेप. धुके, दव, वारा आणि पाचदहा मिनिटांची भुरभुर यासाठी ते उत्तम. जोयड्याच्या आषाढासाठी ते नव्हेच! तिथे पूर्वजांनी बांबू आणि पानांचे इरले केले ते काही उगाच नाही. पावसात इरले, छत्री किंवा पक्का रेनकोटच हवा.

म्हणजे चूक जाकिटाची निम्मी होती, निम्मी माझी. कोणत्या महिन्यात आणि कशासाठी घालायचे हे न विचारताच मी ते घेतले होते. निम्मी जाकिटाची अशासाठी की पाऊस सरल्यावर, योग्य मोसमातही ते टिकले नाही. डिसेंबरपर्यंत दोन्ही बाह्या कळकाच्या काट्यांनी फाटल्या आणि पाठीवर कापडाचे थर सुटून फुगे आले.

दुकानात काय पाहावे

दुसरे जाकीट मी घाई न करता घेतले. तेव्हा जे पाहिले ते सांगते.

पहिले कापड. काट्यांत फिरायचे तर नायलॉनचे प्रमाण जास्त असलेले कापड घ्यावे. घासले जाण्याला नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा चिवट असते. आतल्या चिठ्ठीवर टक्केवारी असते, ती वाचावी. ताणण्यासाठी थोडे इलॅस्टेन असतेच, पण ते फार असेल तर कापड लवकर ढिले पडते. कापड चिमटीत धरून ताणावे आणि सोडावे. लगेच मूळ जागी आले पाहिजे. वीण घट्ट आणि गुळगुळीत असावी. जाळीदार किंवा केसाळ कापडात शिकेकाईचे आणि घाणेरीचे काटे नेमके अडकतात आणि धागा ओढून काढतात.

दुसरा पडदा. काही सॉफ्टशेलमध्ये दोन कापडांच्या मध्ये पातळ पडदा चिकटवलेला असतो. ओळखायचे कसे? कापड तोंडाला लावून फुंकर मारावी. हवा मुळीच जात नसेल तर आत पडदा आहे. वाऱ्यात तो चांगला, पण चढावर घाम कोंडतो. शिवाय असे पडदे आणि त्यांचा गोंद पुष्कळदा पॉलियुरेथेनचे असतात आणि उष्ण, दमट हवेत हा पदार्थ हळूहळू विरघळल्यासारखा सुटतो. गुंदला पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. तिथे चिकटवलेल्या थरांचे जाकीट किती वर्षे निभावणार? पाठीवरच्या फुग्यांचे कारण मला येथे सापडले. म्हणून यावेळी बिनपडद्याचे, एकसंध विणीचे घेतले. फुंकर थोडीशी पार जाईल, एवढेच.

तिसरी शिवण. खांदे, कोपर आणि कंबर येथे पाठपिशवी घासते. तिथे दुहेरी कापड किंवा निदान दुहेरी टीप हवी. दोन्ही हात वर करून पाहावे. जाकीट पोटाच्या वर सरकले तर काखेत पुरेसे कापड दिलेले नाही. तेच पुढे काखेत उसवते. खिसे पाठपिशवीच्या पट्ट्याखाली दडत नाहीत ना, तेही पाहावे. चेन जाड दातांची, दहा वेळा उघडझाप करून पाहिलेली असावी. धड जाकीट चेनपायी वाया गेलेले मी पाहिले आहे.

चौथी गोष्ट बाह्या आणि रंग. आपल्या भागात ही नुसती आवडीनिवडीची बाब नाही. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला माकडताप गोचिडांमुळे पसरतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात तो आढळला आहे. २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गातही त्याने माणसे आजारी पडली. त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका जाकीट घालण्याच्या दिवसांत असतो. म्हणून बाही मनगटाशी घट्ट बसणारी आणि गळा हनुवटीपर्यंत बंद होणारा हवा. गुळगुळीत कापडावर गोचीड सहज झटकली जाते. फिकट रंगावर ती दिसते, भडक रंगाने जनावरे बिचकतात. तेव्हा मातकट फिका किंवा वाळल्या गवताचा रंग दोन्ही साधतो. अर्थात जाकिटाने सगळे भागत नाही. घरी आल्यावर अंग आणि कपडे तपासणे, गरम पाण्याने अंघोळ करणे आणि ताप आला तर रानात गेल्याचे डॉक्टरांना सांगणे हे हवेच.

शेवटी माप. आत एक पातळ स्वेटर मावेल एवढेच सैल घ्यावे. आणि आत सुती बनियन नको. सुती कापड घाम पिऊन ओले राहते. पातळ लोकरीचा किंवा खेळाडू वापरतात तसा लवकर सुकणारा सदरा बरा.

जपले तर टिकते

पाणी घसरवणारा लेप कायमचा नसतो. पूर्वी यासाठी फ्लोरिनयुक्त रसायने सर्रास वापरत. ती निसर्गात वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत, म्हणून कंपन्या ती सोडू लागल्या आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क राज्यांनी कपड्यांसाठी त्यांवर २०२५ पासून बंदी आणली. नवे लेप पाणी अडवतात, पण तेलापुढे लवकर हार मानतात. आपल्याकडे खोबरेल लावलेले केस कॉलरला घासतात आणि तिथेच पाणी आधी मुरते! त्यामुळे जाकीट 'धुतले तर खराब होईल' म्हणून न धुणे चूक. सौम्य साबणाने धुवावे, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावे, कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये आणि सावलीत वाळवावे. चिठ्ठीवर मनाई नसेल तर वर कापड ठेवून मंद इस्त्री फिरवली की थकलेला लेप थोडा जागा होतो. तरीही पाणी मुरू लागले तर लेपाचा फवारा बाजारात मिळतो.

पावसाळ्यात ते सुटकेसमध्ये कोंबून ठेवू नये. कोरडे करून, चेन लावून, हवेशीर जागी टांगावे. पण चुलीवर किंवा सुपारी वाळवण्याच्या भट्टीजवळ टांगू नये. ही सूचना वहिनीसाठी होती. तिने ती पाळली, पण भाच्याने नाही. माघ पौर्णिमेच्या उळवीच्या जत्रेला धारवाड, बेळगावकडच्या बैलगाड्या जातात. त्या रात्री तो गाडीवानांच्या शेकोटीला बसला आणि एका ठिणगीने बाहीला हरभऱ्याएवढे भोक पाडले. नायलॉन आगीने वितळते आणि कातडीला चिकटते. शेकोटीपाशी घोंगडीच खरी. लोकर सहज पेट घेत नाही आणि भिजली तरी थोडी ऊब धरते. त्या भोकावर चिकटपट्टीचा तुकडा गोल कापून लावला आहे. कोपरे गोल ठेवले की तो सुटत नाही.

नवे जाकीट पहिल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट किमतीचे होते. दादा रागावला, "एवढे कशाला घालवलेस?" मी म्हटले, "पहिले एका हंगामात गेले. आता हे दुसरा हिवाळा काढते आहे. तूच हिशेब कर."

पण मला समाधान आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. गेल्या पावसाळ्यात मी गुंदला होते. भाचा दांडेलीला निघाला, तेव्हा बाहेर आभाळ भरून आले होते. मी काही बोलण्याआधीच त्याने खुंटीवरचे जाकीट तसेच ठेवले आणि रेनकोट उचलला. "आत्या, हे दिवाळीनंतरचं," म्हणाला आणि गाडीला किक मारली. वहिनी पडवीत बसली होती. पहिल्या जाकिटाच्या पाठीचा उरलेला तुकडा गुंडाळून तिने डोक्यावरच्या ओझ्यासाठी चुंबळ केली आहे. ती मात्र अजून टिकून आहे.