सापडलेल्या वस्तूचा धनी

आलापल्लीच्या चौकात सकाळच्या वेळी जरा उभे राहावे. एक रस्ता चंद्रपूरकडून येतो, एक अहेरीला जातो, एक सिरोंच्याकडे वळतो. एटापल्लीचा निराळा आणि भामरागडच्या रानात शिरणारा निराळा. एस.टी. येऊन थांबली की माणसे उतरतात, माणसे चढतात, गाठोडी आणि टोपल्या खालीवर होतात. गाडी निघून जाते आणि मागे काही ना काही राहतेच. कधी छत्री, कधी मुलाचे दप्तर, कधी चहाच्या टपरीच्या बाकावर विसरलेले पैशांचे पाकीट. आणि ते पाकीट कोणाच्या तरी नजरेस पडते. इथून पुढे दोन माणसांची परीक्षा सुरू होते. एक ज्याचे हरवले तो, आणि दुसरा ज्याला सापडले तो. आज या दोघांविषयीच बोलू.

आधी हरवणाऱ्याचे पाहू. “मी ठेवले कुठे तेच विसरलो,” असे आपण म्हणतो. पण बहुतेक वेळा विसरायला आधी ध्यानात असावे लागते ना! हाताने चष्मा कपाटावर ठेवला, त्या वेळी मन होते गाडी चुकेल की काय या काळजीत. ठेवण्याची क्रिया हाताने केली, मनाने ती टिपलीच नाही. मग नंतर कितीही आठवून काय उपयोग? सवयीची कामे हात आपोआप करतात. ही मोठी सोय आहे, पण तिची किंमत अशी मोजावी लागते. म्हणूनच घाईत, काळजीत, किंवा कोणी मध्येच हाक मारली असता वस्तू जास्त हरवतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण काही उगाच झालेली नाही.

आपल्या जुन्या माणसांना हे पुस्तके न वाचताही कळत होते. बाई पैसे पदराच्या गाठीला बांधीत, बुवा कनवटीला लावीत. जागा एकच, ती कधी बदलायची नाही. प्रवासाला निघताना घरातला वडीलधारा माणूस विचारी, “नग किती?” ट्रंक एक, वळकटी दोन, पिशव्या तीन; एकूण सहा. प्रत्येक ठिकाणी उतरताना सहा मोजायचे. किती साधा उपाय आहे हा! आज ट्रंक गेली, वळकटी गेली, पण खिशात मोबाईल, पैशांचे पाकीट, एटीएम कार्ड आणि किल्ली असे चार नग आहेतच. ते मोजायला काय हरकत आहे? उठताना मागे वळून एकदा बसल्या जागेकडे पाहावे. एवढ्याने निम्मे हरवणे टळेल.

आपण म्हणाल, विसराळूपणा हा काही गुन्हा नव्हे. नुकसान झाले तर ज्याचे त्याचे. मीही असेच समजत होतो. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आलापल्लीला एका ठिकाणी मुक्काम करून मी निघालो होतो. मनगटाकडे पाहतो तो घड्याळ नाही. खोलीत पाणी आणून देणारा एक पोरगा होता. मी त्याच्यावर आळ घेतला नाही, नुसते एवढेच म्हणालो, “खोलीत दुसरे कोण आले होते?” पण तेवढे पुरे झाले. चार माणसे जमली, त्याला खिसे उलटे करायला लावले. त्याने ते केले, एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी पुढच्या मुक्कामी टॉवेल झटकला आणि घड्याळ खाली पडले. आंघोळीच्या आधी मीच ते त्यात गुंडाळून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो, चार लोकांसमोर त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “भेटली ना जी घडी? मंग बेस झालं.” त्याच्या जागी मी असतो तर इतके चांगले बोललो असतो की नाही, याची मला खात्री नाही.

तेव्हापासून मी विसराळूपणाला निरुपद्रवी मानीत नाही. अंगठी तांदळाच्या डब्यात पडलेली असते आणि संशय धुणेभांडी करणाऱ्या बाईवर जातो. शाळेतल्या फीचे पैसे गुरुजींच्याच वहीत असतात आणि नजरा वळतात वर्गातल्या सर्वांत गरीब मुलाकडे. वस्तू सापडते, संशय मात्र मागे राहतो. म्हणून पहिला नियम असा की शोध पुरा झाल्याशिवाय कोणाचेही नाव तोंडातून काढू नये.

आता सापडणाऱ्याकडे वळू. आलापल्लीचे नाव सागवानासाठी सर्वदूर आहे. जवळच ‘वनवैभव’ नावाचे जुन्या झाडांचे राखीव जंगल १९५३ सालापासून जपलेले आहे, आणि २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी जे लाकूड गेले ते याच मुलखातले. इथल्या माणसाने लाकडाच्या डेपोतील थप्प्या पाहिलेल्याच असतात. प्रत्येक ओंडक्यावर हातोड्याने उमटवलेली निशाणी असते. ओंडका कोठेही गेला तरी ती निशाणी त्याचा धनी सांगते. बरे, पुराच्या पाण्यात लाकूड वाहून आले आणि काठाला लागले तर ते कोणाचे? ज्याने पाहिले त्याचे? नाही. १९२७ च्या वन अधिनियमात याचा स्वतंत्र विचार आहे. असे वाहत आलेले लाकूड, कोणी आपला हक्क शाबीत करीपर्यंत, सरकारचे समजले जाते. वनअधिकारी ते गोळा करून डेपोत ठेवतात, त्याच्या वर्णनाची जाहीर नोटीस काढतात, आणि धन्याला लेखी मागणी करायला निदान दोन महिन्यांची मुदत देतात. म्हणजे निर्जीव ओंडक्यालाही कायदा म्हणतो, “थांब, तुझा कोणी असेल, त्याला येऊ दे.”

वाटेत पडलेल्या पाकिटाच्या बाबतीतही कायद्याचे धोरण असेच आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, दुसऱ्याची वस्तू सापडून जो ती ताब्यात घेतो त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्याची जबाबदारी येते. स्वतःच्या वस्तूची शहाणा माणूस जेवढी काळजी घेतो तेवढी घ्यायची. त्या मोबदल्यात कायद्याने त्यालाही काही दिले आहे. धन्याचा शोध घेण्यात आणि वस्तू जपण्यात झालेला खर्च मिळेपर्यंत तो वस्तू अडवून ठेवू शकतो. आणि धन्याने ठरावीक बक्षीस जाहीर केले असेल तर त्यासाठी दावाही लावू शकतो.

फौजदारी कायद्याने तर याची उदाहरणेच देऊन ठेवली आहेत. ती १८६० च्या दंडसंहितेत होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्या ३१४ व्या कलमाखालीही ती आहेत. ऐकण्याजोगी आहेत, ऐका. हमरस्त्यावर एक रुपया पडलेला दिसला, कोणाचा ते ठाऊक नाही, उचलला. हा गुन्हा नव्हे. पत्र सापडले, आत बँकेची नोट आहे, पत्त्यावरून आणि मजकुरावरून धनी कळतो, तरी नोट ठेवून घेतली; हा गुन्हा. किमती अंगठी सापडली, कोणाची ते ठाऊक नाही, आणि शोध करण्याचा प्रयत्नसुद्धा न करता लगेच विकून टाकली; हाही गुन्हा. शिक्षा सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड. यातले मर्म ध्यानात घ्या. वस्तू उचलण्यात पाप नाही. धनी शोधण्याचा रास्त प्रयत्न न करण्यात आणि त्याला वाजवी वेळ न देण्यात आहे.

शेतकरी मंडळींसाठी आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. नांगरताना किंवा पाया खणताना जमिनीत पुरलेले धन लागले तर त्याला १८७८ चा निखात निधीचा कायदा लागू होतो. दहा रुपयांवर किमतीचे काहीही असले तरी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे. कळवणाऱ्याला कायद्याने वाटा मिळू शकतो. लपवणारा तो गमावतो.

पण श्रोतेहो, कायद्याच्या भीतीने किती माणसे प्रामाणिक राहत असतील? मला वाटते, फार थोडी. रानातल्या गावांकडे पाहा. मोहाची झाडे कोणत्या घराची कोणती हे अनेक गावांत रीतीने ठरलेले असते. पहाटे फुले झाडाखाली पडतात, कुंपण नाही, राखणदार नाही. तरी दुसऱ्याच्या झाडाखालची फुले वेचायची नाहीत, हे पोरांनाही माहीत असते. हा कायदा कोणी छापलेला नाही.

महिपतींनी ‘भक्तविजया’त राका कुंभार आणि त्याची बायको वंका यांची कथा सांगितली आहे. संसाराचा पसारा टाकून ही दोघे रानातली वाळकी लाकडे वेचून पोट भरीत. एके दिवशी वाटेवर सोन्याचा दागिना पडलेला राकाला दिसला. मागून येणाऱ्या वंकेला मोह पडू नये म्हणून त्याने त्यावर माती लोटली. ती आली आणि म्हणाली, मातीवर माती कशाला टाकता? कीर्तनात ही कथा वंकेच्या वैराग्यासाठी सांगतात. ते तर खरेच. मला मात्र राकाही जवळचा वाटतो. मोह पडू शकतो हे त्याला ठाऊक होते. आपणा सर्वांना ते ठाऊक असावे. म्हणून सापडलेली वस्तू रात्रभर घरात ठेवू नये. पहिल्या तासात परत करणे सोपे असते. पुढे मन सबबी शोधू लागते.

साधुसंतांची गोष्ट निराळी, सामान्य माणसाचे काय, असे कोणी म्हणेल. तर २०१३ साली एका मासिकाने जगातल्या १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटे मुद्दाम टाकून पाहिली. आत थोडे पैसे, एक कौटुंबिक फोटो आणि फोन नंबर होता. फिनलंडच्या हेलसिंकीत ११ परत आली, आणि दुसरा नंबर लागला आपल्या मुंबईचा. तिथे १२ पैकी ९ परत आली. पुढे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात ४० देशांतील ३५५ शहरांत १७ हजारांहून अधिक पाकिटे बँका, हॉटेले, टपाल कचेऱ्या अशा ठिकाणी “सापडले” म्हणून देण्यात आली. तर्क असा होता की पैसे नसलेली पाकिटे जास्त परत येतील. झाले उलटेच. पैसे नसलेल्यांपैकी शेकडा सुमारे ४० परत आली, पैसे असलेल्यांपैकी सुमारे ५१. अभ्यासकांनी लावलेला अर्थ असा, की रक्कम वाढली की आपण चोर ठरू ही टोचणीही वाढते. शिवाय आत एक किल्ली होती. ती सापडणाऱ्याच्या काही कामाची नाही, हरवणाऱ्याला मात्र हवी. तिच्यामुळेही परत करणारे वाढले.

या किल्लीवरून एक गोष्ट सुचते. आपल्या भागात सोन्यापेक्षाही मोलाचे असे कागद असतात. वनहक्काचा पट्टा, जातीचा दाखला, शिधापत्रिका, मुलाची गुणपत्रिका. सापडणाऱ्याला त्यांची दमडीही मिळणार नाही, म्हणून तो त्यांना कचरा समजतो. पण हरवणाऱ्याला त्यासाठी कचेऱ्यांच्या किती खेपा घालाव्या लागतात! दिवसाची मजुरी बुडवून, भाडे खर्चून! पैसे काढून घेऊन कागद फेकून देणारा माणूस दुहेरी अपराध करतो. आणि असे कागद नुसते पडलेले दिसले तर उचलून ग्रामपंचायतीत किंवा पोलीस ठाण्यात देणे हे मोठे पुण्याचे काम आहे.

परत कसे करावे, हेही सांगतो. पुष्कळ गरीब माणसे वस्तू परत करायला जात नाहीत ती लोभाने नव्हे, भीतीने. “तुझ्याकडे आली कुठून?” असे कोणी दरडावले तर? म्हणून एकट्याने जाऊ नये. दोन माणसांसमोर वस्तू उघडावी, पैसे मोजावेत, कागदावर लिहावे, आणि पोलीस ठाण्यात दिल्यावर पोच घ्यावी. एस.टी.त काही सापडले तर वाहकाच्या हवाली करावे. प्रवाशाने तिकीट जपून ठेवले असेल तर गाडीचा शोध सोपा जातो. मागायला आलेल्याला आधी वस्तू दाखवू नये. खुणा त्याला सांगू द्याव्यात. मोबाईल सापडला तर बंद करू नये. धन्याचा फोन येतोच. आणि ज्याचा हरवला त्याने २०२३ पासून देशभर सुरू असलेल्या ‘संचार साथी’ची मदत घ्यावी. फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक घरच्या वहीत लिहून ठेवला असेल तर फोन तेथून निकामी करता येतो. ओंडक्यावर निशाणी असते, तशी आपल्या पिशवीत नावगावाची आणि फोन नंबरची चिठ्ठी का असू नये?

शेवटी दोन शब्द शिक्षकांना. शाळेत ‘सापडलेल्या वस्तूंची पेटी’ ठेवावी. मुलाने पेन्सिल आणून दिली तरी वहीत त्याचे नाव आणि तारीख लिहावी. त्याचे कौतुक जरूर करावे, पण “गरीब असूनही प्रामाणिक” हे शब्द कृपा करून वापरू नयेत. त्या ‘असूनही’त गरिबीवर नकळत आरोप आहे. खिसे उलटे करणारा तो पोरगा गरीब होता आणि प्रामाणिक होता. संशय माझ्या मनात होता, आणि घड्याळ माझ्याच टॉवेलात होते.