पिवळं सोयाबीन आणि लोहाचं दार

झड उघडली की वर्धा जिल्ह्यातल्या भारी काळ्या, चुनखडीच्या वावरांत सोयाबीनचे पट्टेच्या पट्टे पिवळे दिसू लागतात. धुऱ्यावरून पहिला सल्ला येतो, "युरिया द्या लागते." त्याआधी शेंड्याचं एक पान उन्हाकडे धरून पाहावं. शिरा हिरव्या, मधलं पातं लिंबासारखं पिवळं आणि खालची जुनी पानं हिरवी असतील, तर झाडाला भूक नत्राची नाही, लोहाची आहे. नत्र तुटलं की आधी खालची पानं पिवळी पडतात.

लोह या मातीत भरपूर आहे, पण सामू आठच्या आसपास गेला की ते विरघळत नाही. सामू एका अंकाने वाढला की त्याची विद्राव्यता साधारण हजारपट घटते. वर पाणी साचलं तर चुनखडीतून बायकार्बोनेट तयार होतं आणि मुळांनी सोडलेलं आम्ल तिथल्या तिथे मारून टाकतं.

झाड तरीही धडपडतं. ते आणखी आम्ल सोडतं, लोहाला विरघळणाऱ्या रूपात आणतं आणि मुळांच्या पेशींत लोहासाठी दारं उघडतं. असं एक दार बनवणारं 'आयआरटी-१' हे जनुक १९९६ मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात सापडलं. पण या दाराला माणसं ओळखता येत नाहीत! लोहाबरोबर जस्त, मँगनीज आणि विषारी कॅडमियमही आत शिरतं. स्फुरदाच्या खतांतून कॅडमियम अल्प प्रमाणात शेतात येतंच. चुनखडीच्या जमिनीत त्यातलं बरंच बांधलेलं राहतं, हा दिलासा.

आत शिरलेल्याला अडवायला दुसरं जनुक लागतं. भातात २०१० मध्ये ओळखलेलं 'एचएमए-३' कॅडमियमला मुळाच्याच पेशीतल्या कोठीत कोंडतं. ते निकामी असलेल्या वाणांत विष दाण्यापर्यंत पोचतं. म्हणून केवळ लोह जास्त ओढणारं सोयाबीन निवडणं मला अर्धवट काम वाटतं. दार मोठं करायचं, तर कोठीही भक्कम हवी.

असं वाण हाती येईपर्यंत वाफसा येताच डवरणी करून मातीत हवा खेळवायची आणि चुन्याची निवळी घालून हिराकसाचं अर्धा टक्का द्रावण फवारायचं. काही दिवसांनी तेच पान पुन्हा उन्हाकडे धरा. जिथे थेंब बसला होता, तेवढ्याच जागी हिरवा ठिपका उमटलेला दिसतो.