कमी दाखवा, नेमकं दाखवा

चौकटीत एक ठळक विषय आणि भोवती भरपूर मोकळी जागा, हा मिनिमलिस्ट छायाचित्राचा गाभा. ही दृष्टी सरावाने येते.

कोणाचं काम पाहाल? हिरोशी सुगिमोतो यांची १९८०पासूनची समुद्रचित्रं : वर आकाश, खाली पाणी, मधोमध क्षितिज. मायकेल केन्ना यांची होक्काइडोतली कृष्णधवल चित्रं : बर्फावर एखादं झाड किंवा कुंपणाची ओळ.

पार्श्वभूमी आधी : धुकं, कोरी भिंत, ओहोटीचा किनारा शोधा, विषय नंतर.

जागा बदला : खाली बसून आकाशासमोर किंवा उंचावरून वाळूवर विषय धरला, की मागची गर्दी गळते.

पांढरं पांढरंच ठेवा : कॅमेऱ्याचं मीटर बर्फ-धुकं राखाडी करतं. एक्स्पोजर १ ते २ स्टॉप वाढवा.

लाटा शांत करा : १० स्टॉपचा एनडी फिल्टर प्रकाश सुमारे हजारपट कमी करतो. १/३० सेकंदाचं एक्स्पोजर अर्ध्या मिनिटावर जातं आणि पाणी सपाट दिसतं. ट्रायपॉड हवाच.

शेवटची कसोटी : क्लिक करण्याआधी चारही कडा तपासा. जी वस्तू वगळूनही चित्र उभं राहतं, ती वगळाच.